नाशिकरोडची एक टॅक्सी सेवा : गाडीआधी चालक तपासणारे मालक

पाचपैकी चार तारे देतोय. गाड्या साध्या आहेत, दर बाजारापेक्षा थोडे चढे आहेत आणि ऑनलाईन बुकिंग नाही, फोनच करावा लागतो. तरीही घरातलं आजारी माणूस घेऊन नाशिकहून मुंबईला जायचं असेल, तर मी हीच सेवा सुचवेन. इथले मालक लायसन्स आहे म्हणून कुणाच्याही हातात किल्ली देत नाहीत. माणूस आज, या अवस्थेत गाडी चालवण्याच्या लायकीचा आहे का, हे ते स्वतः बघतात. नसेल तर त्याला स्टेअरिंगवरून उठवतात. टॅक्सीच्या धंद्यात हे मी फार क्वचित पाहिलंय.

मी एसटीत चालक होतो. पुढे चालक प्रशिक्षक झालो आणि त्याच कामावरून निवृत्त झालो. त्यामुळे कुठल्याही गाडीत बसलो की माझी नजर आधी चालकाच्या डोळ्यांकडे, हातांकडे आणि पायांकडे जाते. एसी आणि सीट कव्हर नंतर. सौभाग्यवतींची तपासणी परळला असते. पूर्वी आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने जायचो. दादरच्या गर्दीत उतरणं आणि जिने चढणं तिला झेपेना, तेव्हा टॅक्सी सुरू केली. पहाटे चारला जेलरोडहून निघायचं, दिवसभर हॉस्पिटल, संध्याकाळी परत.

एजन्सीचं ऑफिस बिटको चौकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीवर ड्युटीचा पांढरा फळा. गाड्या डझनभर, बहुतेक एर्टिगा आणि डिझायर. मालक चाळिशीतले, वडिलांची काळी-पिवळी चालवून वर आलेले. चालक त्यांना शेठ म्हणतात, ते मला काका म्हणतात. त्यांच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असतं आणि माझ्या लेखी या सेवेचा सगळा दर्जा त्या रजिस्टरात आहे. प्रत्येक चालकाला स्वतंत्र पान. लायसन्सची मुदत, बॅज असेल तर त्याचा नंबर, पोलीस व्हेरिफिकेशनची तारीख, त्याच्या ड्युटीत आलेले ई-चलान, डोळे कधी तपासले, साखर आणि बीपी किती. शेवटच्या रकान्यात रोज लिहायचं: काल रात्री गाडी किती वाजता लागली. पहाटेची ड्युटी लावण्याआधी मालक तो रकाना बघतात. रात्री एकला घरी गेलेल्या माणसाला चारच्या गाडीवर ते पाठवत नाहीत, मग भाडं सोडावं लागलं तरी चालेल.

हे एवढं कशाला, असं काही जणांना वाटेल. सरकारने लायसन्स दिलंय ना? दिलंय, पण त्या कार्डावरची तारीख नेमकं काय सांगते ते बघा. 2019 साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्याप्रमाणे तिशीच्या आत काढलेलं साधं लायसन्स थेट वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. व्यावसायिक लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, ती पाच झाली. त्यात 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7500 किलोपर्यंतची प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. त्या निकालाला माझा विरोध नाही. अपघात झाला की विमा कंपन्या ‘योग्य लायसन्स नव्हतं’ म्हणून भरपाई टाळायला बघायच्या, तो रस्ता त्याने बंद झाला. पण आता असं होऊ शकतं की पंचविशीत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत तसंच चालेल, त्यावर टॅक्सीही चालेल आणि मधल्या पंधरा वर्षांत त्या माणसाचे डोळे, साखर, झोप कुणीच बघितलेली नसेल.

डॉक्टरचा दाखला लागतो तो फॉर्म 1-ए वर. व्यावसायिक लायसन्सला आणि चाळिशीपुढच्यांना. त्यात विचारतात, चांगल्या दिवसाच्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का, रातांधळेपणा आहे का, कानाला हॉर्न ऐकू येतो का. प्रश्न रास्तच आहेत. पण आमची टॅक्सी पहाटे चारला निघते. चांगल्या दिवसाच्या उजेडाशी तिचा संबंध नाशिक सोडून बऱ्याच वेळाने येतो. समोरून हाय बीम अंगावर आल्यावर डोळे दिपले, तर पुन्हा नीट दिसायला किती वेळ लागतो, हे त्या कागदावर कुठेच नाही. रात्रीच्या चालकाचं सगळं त्या वेळेवरच अवलंबून असतं.

इथले एक ज्येष्ठ चालक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. साठीच्या अलीकडचे. आमच्या सौ.ला त्यांचीच गाडी हवी असायची, कारण खड्डा दिसला की ते आधीच वेग उतरवायचे आणि पोटातलं पाणी हलू द्यायचे नाहीत. एका परतीच्या प्रवासात मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो होतो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून घाट टाळायचा असेल तर बरेच जण तिकडून येतात, आम्हीही तिकडून येत होतो. इगतपुरीच्या अलीकडे सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. बाहेर दिवस मावळत आलेला, तरी उजेड चांगला होता. बोगद्यात शिरताच नानांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि छाती स्टेअरिंगला टेकेल इतके पुढे वाकले. मान जरा तिरकी. डाव्या हाताने उगाच काचेवरून फडकं फिरवलं. काच स्वच्छ होती. मागून येणाऱ्या कारने हॉर्न दिला, तेव्हा पुन्हा वेग घेतला. बाहेर उजेडात आल्यावर डोळे बारीक करून बराच वेळ तसेच राहिले.

घोटीच्या पुढे अंधार पडला. विल्होळीकडे येताना समोरच्या बाजूने ट्रकांचे दिवे यायला लागले की गाडी हळूहळू डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर जायची, मग पट्टीवरचे उंचवटे चाकाखाली वाजले की पुन्हा सरळ. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. गाडीत मागे बायको झोपलेली आणि चालवणाऱ्या माणसाला चालवताना असलं काही सांगायचं नसतं, त्याने त्याचा होता तो धीरही जातो. मी फक्त म्हटलं, “नाना, घाई नाही, डाव्या लेनने आरामात जाऊ.” त्यांनी एकदम मान डोलावली. त्यांनाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो आणि मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. मोतीबिंदू असणार असा माझा अंदाज होता. आमच्याकडे आगारात मी तो पाहिला होता, काचेवरून फडकं फिरवण्यासकट. मालकांनी चर्चा केली नाही. नानांना बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, “नाना, उद्यापासून आठ दिवस फोन आणि फळा तुम्ही बघायचा. डोळे दाखवून या, पैसे ऑफिसचे.” नाना आधी रागावले. लायसन्सची मुदत अजून दोन वर्षं शिल्लक होती, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग खुर्चीत बसले आणि जे बोलले ते मला फार लागलं. चष्म्याचा नंबर त्यांनी तीनदा बदलून घेतला होता. दुकानदाराने ऑपरेशन सांगितलं होतं, ते घरीसुद्धा बोलले नव्हते. “डोळे गेले म्हटलं की गाडी गेली, काका. गाडी गेली की घर कोण चालवणार?”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. तोवर नानांनी बुकिंगचा फोन घेतला, फळा लिहिला, रस्त्यावरच्या पोरांना जीपीएसवर बघून वाट सांगितली. पगार चालू राहिला, फक्त बाहेरगावचा भत्ता नव्हता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नवा 1-ए घेतला आणि मालकांनी त्यांना परत गाडी दिली. ती फक्त दिवसाची: त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी. त्यांच्यासोबत मी त्र्यंबकला जाऊन आलो. मान सरळ होती.

नानांच्या जागी एसटीचा चालक असता तर? 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सरकारी आस्थापनांसाठी तरतूद आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. डोळ्यांमुळे स्टेअरिंग सुटलेली माणसं आगारात दुसऱ्या कामाला लागलेली मी पाहिली आहेत. टॅक्सीवाल्याला असं छप्पर नाही. म्हणून तो दुखणं लपवतो. इन्सुलिन घेणारा चालक जेवण चुकल्यावर घाम फुटून हात थरथरायला लागले तरी ‘उकडतंय’ म्हणतो. रात्रभर घोरून, श्वास अडकून झोप न झालेला चालक ‘जरा दगदग झाली’ म्हणतो. कायद्यात कलम 16 आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे चालक गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी त्याच्याकडे नवा वैद्यकीय दाखला मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. पण अधिकाऱ्यापर्यंत ही गोष्ट पोचणार कशी? घरच्यांना माहीत नाही, मालकाला माहीत नाही, प्रवाशाला कळत नाही. या एजन्सीत ती बाहेर येते, कारण उठवणारा आणि पगार चालू ठेवणारा माणूस एकच आहे. मी तिथे बसलेलो असताना एक तरुण चालक स्वतःहून येऊन सांगून गेला, “शेठ, चार दिवस चक्कर येतेय, मला सिटीतच ठेवा.” एवढं वाक्य चालकाच्या तोंडून ऐकायला मी नोकरीत किती तरी वेळा धडपडलोय.

दुसरं प्रकरण आजाराचं नव्हतं, वागण्याचं होतं. पंचविशीतला एक चालक. कसारा घाटात एका हातात मोबाईल धरून बोलतोय, असा व्हिडिओ मागच्या सीटवरच्या प्रवासी बाईंनी काढून मालकांना पाठवला. चालवताना हातात फोन धरणं हे 2019 पासून धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम 184 मध्येच नाव घेऊन घातलंय. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवलं होतं की मोबाईलवर बोलणं, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, अतिवेग अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मालकांनी त्या बाईंना फोन करून सगळं विचारून घेतलं, मग पोराला विचारलं. त्याचं म्हणणं, बहिणीच्या बाळंतपणाचा फोन होता. मालक म्हणाले, “फोन कुणाचाही असू दे, मागच्या सीटवर कुणाची तरी बहीणच होती.” महिनाभर त्याला गॅरेजच्या कामाला लावलं. आणि महिन्याने मला विचारलं, “काका, तुम्ही याच्यासोबत घाट उतरून बघता का? तुम्ही हो म्हणालात तरच गाडी देतो.”

मी गेलो. पैसे घेतलेले नाहीत, हे वाचणाऱ्यांना माहीत असावं.

कुणाला जोखायचं असेल तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पाथर्डी फाट्यापासून घोटीपर्यंत कुणीही चांगलाच चालवतो. घाट लागला की माणूस कळतो. उताराला तो गाडी कुठल्या गिअरवर धरतो? डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून आहेत. नुसत्या ब्रेकवर उतरवत नेली की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो आणि मग पेडल तळापर्यंत दाबलं तरी ब्रेक धरत नाही. या पोराने पहिल्या वळणाच्या आधीच गिअर खाली घेतला, वळणात नाही. हात दोन्ही स्टेअरिंगवर. आरशात बघायची सवय होती. पुढे मळीचा टँकर रेंगाळत होता, मागे एक जीपवाला डिपर मारत होता. चांगले चांगले इथे फसतात, मागच्याच्या घाईने पुढच्याला ओलांडतात. याने टँकरपासून अंतर ठेवलं आणि मागच्याला जाऊ दिलं. जीपवाल्याने जाताना हात करून काहीतरी सुनावलं. मी पोराच्या जबड्याकडे बघत होतो. आवळला, मग सुटला. पाय मात्र जागेवर होता.

मी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की साधारण या वेळेला याला फोन करा. घाटाच्या मध्यावर त्याचा फोन वाजला. डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्याने तिकडे बघितलं नाही. घाट उतरल्यावर, कसाऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर सिग्नल देऊन गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग फोन उचलला, “बोला शेठ, घाटात होतो.” मी त्याच्या पानावर लिहून दिलं, चालवायला हरकत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. तो आता लांबच्या ड्युटीवर आहे. तरुण माणूस एकदा चुकला म्हणून त्याला घरी बसवणं मला पटत नाही. चुकल्यावर त्याने काय बदललं, हे कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं आणि इथे ते बघितलं जातं.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. हे मी मालकांच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथे लिहितोय.

ऑफिसात तोंडाने फुंकायचं मशीन आहे. पहाटेच्या ड्युटीआधी प्रत्येकाने फुंकायचं. कायद्याची मर्यादा 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. मालकांची मर्यादा शून्य, आणि तीच बरोबर आहे. रात्री बारापर्यंत प्यायलेल्या माणसाला पहाटे चारला वाटतं की उतरली. अंघोळ केलेली असते, चहा घेतलेला असतो, तोंडाला वास नसतो. पण शरीर दारू आपल्या गतीनेच बाहेर टाकतं, अंघोळीने आणि चहाने ती गती वाढत नाही. एका चालकाचं मशीनने असंच दोनदा दाखवलं. पहिल्या वेळेला मालकांनी समज दिली, घरी पाठवलं, त्याच्या बायकोला बोलावून व्यसनमुक्तीचंही सांगितलं. दुसऱ्या वेळेला हिशोब करून काढून टाकलं. इथपर्यंत चूक काढायला जागा नाही.

पण पुढे काय झालं? तो माणूस आज दुसऱ्या कुणाची तरी गाडी चालवतोय. त्याच्या लायसन्सला धक्का लागलेला नाही, कारण मालकांनी कुठेही लेखी कळवलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “काका, माझ्या हातून कुणाच्या पोटावर पाय नको.” त्यांचं मन मला कळतं. पण एजन्सीने काढलं म्हणजे एवढंच झालं की आमच्या गाडीतला धोका दुसऱ्याच्या गाडीत गेला. लायसन्स ठेवायचं की नाही हा निर्णय मालकाचा नसतोच, तो परवाना अधिकाऱ्याचा असतो. कलम 19 मध्ये कारणं दिलेली आहेत आणि त्यात सवयीचा दारुडा अगदी पहिल्याच ओळीत आहे. आधीच्या वागण्यावरून लोकांना धोका दिसत असेल तर तेही कारण आहे. केंद्रीय नियम 21 मध्ये आणखी यादी आहे, प्रवाशाशी गैरवर्तन, चालवताना मोबाईल, टॅक्सीत धूम्रपान यांच्यासकट.

आणि हे कलम एकतर्फी नाही. चालकाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आदेशाची कारणं लेखी द्यावी लागतात, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. लायसन्स काही काळासाठी रोखलं असेल तर 2019 च्या बदलाप्रमाणे उजळणी प्रशिक्षण पुरं केल्यावर ते परत मिळतं. म्हणजे परतीची वाट कायद्यानेच ठेवलीय. नानांना जशी ठेवली होती तशीच. मालकाने गुपचूप काढून टाकलं की त्या माणसाला ना म्हणणं मांडायला मिळतं, ना उपचाराची सक्ती होते, ना नव्या मालकाला काही कळतं. तो एखाद्या पहाटे माझ्या शेजाऱ्यांच्या दारात गाडी घेऊन उभा राहू शकतो. पेठ रोडला आरटीओ ऑफिस आहे, तारखांसकट एक पानी अर्ज पुरेसा होता. मी तसा मसुदा लिहून मालकांना दिलाय. त्यांनी अजून ठरवलेलं नाही. अर्ज गेला की मी पाचवा तारा देईन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. परळला दिवसभर थांबावं लागतं, तेव्हा चालकाला झोपायला त्यांनी जवळच एक खोली ठरवून दिलीय. हे फार मोलाचं आहे. दिवसभर पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत पडलेला चालक संध्याकाळी ताजा कसा असेल? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला 1961 चा कायदा 2025 पर्यंत दिवसाला आठ तासांची ड्युटी सांगायचा. अ‍ॅपवाल्यांसाठी केंद्राने 2020 मध्ये बारा तासांची कमाल आणि मग दहा तास विश्रांती सांगितली. कागदावर सगळं आहे, झोपायला खाट कुणी देत नाही. मुंबईहून रात्री दहानंतर निघायचं झालं तर इथे दुसरा चालक सोबत येतो किंवा सकाळी निघा असं स्पष्ट सांगतात. काही गिऱ्हाईकं यावरून भांडतात. 8 ऑक्टोबर 2022 ची पहाट नाशिककरांनी विसरू नये. मिर्ची हॉटेल चौकात ट्रकशी धडक होऊन खासगी बस पेटली आणि 12 जण गेले. कारणं काहीही असोत, तीन ते सहा ही वेळ शरीर झोप मागण्याची असते आणि समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर जास्तच. कारला 120 ची मर्यादा, वळण नाही, गिअर बदलायचा नाही, डोळा लागायला एवढं पुरतं. घाटात माणूस निदान जागा राहतो.

तक्रारी दोन आहेत. मागच्या सीटचे पट्टे सीट कव्हरखाली दाबलेले असतात, खाचा सापडत नाहीत. चालकाला सांगितल्यावर तो काढून देतो, पण ते आधीच बाहेर असायला हवेत. आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

बुकिंग करताना तुम्हीही विचारा. चालक काल रात्री किती वाजता घरी गेला, डोळे कधी तपासले. या ऑफिसात उत्तर मिळतं, फोन उचलणारा रजिस्टर उघडून सांगतो. दुसरीकडे विचारून बघा आणि काय उत्तर येतं त्यावर ठरवा.

2027 चा सिंहस्थ जवळ येतोय. मालक गाड्या वाढवणार आहेत, म्हणजे चालकही बाहेरून येणार. त्र्यंबकचा रस्ता, रामकुंडाकडची गर्दी, चोवीस तासांच्या पाळ्या, भाड्याची चढाओढ. त्या घाईत हे रजिस्टर बाजूला पडेल की काय, ही माझी काळजी मी त्यांना सांगितली. ते म्हणाले की नव्या चालकाला आधी घाटातली फेरी, मग गाडी. त्या फेऱ्यांना शेजारच्या सीटवर मी बसेन, असं ठरलंय.